आठवणीतले पुस्तक आणि हातातले पुस्तक

ज्या पुस्तकांवर आपण वाढलो ती आजच्या मुलांना वाचायला द्यावीत की नाहीत, हा वाद मराठी वाचकांत वारंवार पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाटांनी जातो. एका बाजूचे म्हणणे असे की ‘श्यामची आई’सारखी पुस्तके हा आपल्या संस्कारांचा ठेवा आहे आणि त्यांना बोट लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ही पुस्तके रडकी, उपदेशी, एका विशिष्ट जातीच्या माजघरात घडणारी आणि म्हणून कालबाह्य आहेत. दोन्हीकडची माणसे मनापासून बोलत असतात, आणि तरीही थोडे खोदून विचारले की एक गोष्ट उघड होते. त्यांतल्या बहुतेकांनी ते पुस्तक शाळा सुटल्यापासून पुन्हा उघडलेलेच नसते. बचाव करणारा आपल्या आठवणीतल्या पुस्तकाचा बचाव करतो आणि फेटाळणारा दुसऱ्या कोणी निवडून दिलेल्या दोन उताऱ्यांवरून फेटाळतो. साक्षीदार दाराशी उभा असताना त्याची साक्ष न घेताच निकाल द्यावा, तसा हा प्रकार आहे. माझे म्हणणे असे की लहानपणी किंवा कोवळ्या वयात ज्या पुस्तकावर जीव जडला, ते प्रौढपणी पुन्हा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे ही केवळ हौस नाही, ती वाचकाची जबाबदारी आहे. ती पार पाडल्याशिवाय त्या पुस्तकाची भलामण करण्याचा किंवा त्याला मोडीत काढण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. ‘श्यामची आई’ची प्रकरणे म्हणजे रात्री. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज प्रार्थनेनंतर आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. त्यांतल्या एका रात्रीचे नाव आहे ‘देवाला सारी प्रिय’. एक म्हातारी महार बाई लाकडाच्या मोळीपाशी अडून राहिलेली असते, कारण ती मोळी डोक्यावर चढवायला तिला हात देणार कोण आणि तिला शिवणार कोण? श्यामची आई मुलाला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि त्याच दमात सांगते की मग घरी येऊन आंघोळ कर. दहा वर्षांचा वाचक या सांगण्याच्या पहिल्या अर्ध्यावर भाळतो आणि दुसरा अर्धा त्याच्या डोळ्यांखालून सहज सरकून जातो, कारण त्याच्या लेखी आंघोळ ही रोजचीच गोष्ट असते. चाळिशीतला वाचक नेमका त्या दुसऱ्या अर्ध्यापाशी थबकतो. तिथून त्याला दोन सोप्या वाटा मोकळ्या असतात. शेवटी विटाळ पाळलाच की, असे म्हणून तो पुस्तक मिटू शकतो, किंवा त्या काळाच्या मानाने हे केवढे तरी धाडस होते असे म्हणून पुढे जाऊ शकतो. दोन्ही वाटा त्या एका सांगण्याचे दोन तुकडे करतात. ते अखंड वाचले तर दिसते ती एक बाई, जिला रूढी मोडता येत नाही आणि म्हातारीचे हालही पाहवत नाहीत, आणि जी या दोहोंच्या मधून आपल्या मुलासाठी वाट काढते आहे. तिची माया खरी आहे आणि तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. आणि त्या म्हातारीच्या बाजूने पाहिले तर? तिची मोळी उचलली गेली, पण जो मुलगा हात देऊन गेला तो तिच्या स्पर्शाने बाटला असे सगळे गाव मानते, हे तिला पक्के ठाऊक आहे. श्याम आंघोळीसाठी घराकडे वळतो. त्या म्हातारीबरोबर तिच्या वस्तीपर्यंत मात्र पुस्तक जात नाही. दहाव्या वर्षी हे दिसावे असा हट्ट कोणी धरू नये. मोठेपणी मात्र ते दिसले पाहिजे, आणि ते दिसण्यासाठी पुस्तक पुन्हा हातात घ्यावे लागते.

आजची मूल्ये कालच्या माणसांवर लादू नका, हा इथे हमखास येणारा आक्षेप आहे, आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या बाईने आजच्या शब्दांत बोलावे ही अपेक्षा खुळी आहे. पण ‘तो काळच तसा होता’ या वाक्यात एक गृहीत दडलेले असते, ते असे की त्या काळात वेगळे काही म्हणणारे कोणी नव्हतेच. इतिहास तसे सांगत नाही. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. आणि साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक मजकूर लिहिला तो १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. त्याच नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये उभा राहिला होता आणि पुस्तक लिहिले जात होते तेव्हा तो संपलेला नव्हता. म्हणजे मोळीच्या प्रसंगाला जो प्रश्न विचारायचा, तो विचारणारी माणसे त्या पुस्तकाच्या जन्मगावातच मंदिराच्या दाराशी येऊन ठाकली होती. प्रश्न पुस्तकाच्या वयाचा आहे, आपण तो आज शोधून काढलेला नाही. काळाचा दाखला देऊन तो टाळणारे लोक, नकळत का होईना, त्या काळातल्या अर्ध्या माणसांना काळाच्या बाहेर काढतात.

या वादात आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ‘श्यामची आई’ हे पुस्तक मुळातच एका प्रौढ माणसाने केलेले स्वतःच्या बालपणाचे पुनर्वाचन आहे. गोष्ट सांगणारा श्याम लहान नाही. आई केव्हाच गेलेली आहे, आणि तिला आठवताना तो त्या वेळच्या स्वतःलाही तपासतो आहे. पुस्तकापायी केलेली चोरी तो लपवत नाही, पोहायला जायची भीती लपवत नाही, आईला दिलेला त्रासही लपवत नाही. त्या सांगण्यात जे रडणे आहे, ज्याला आज ‘रडकेपणा’ म्हणून नावे ठेवली जातात, ते बरेचसे या उशिरा आलेल्या समजुतीचे रडणे आहे, आणि ते नीट कळायला वाचणाऱ्याच्याही पदरी थोडा उशीर जमा व्हावा लागतो. शिवाय साने गुरुजी आठवण सांगून थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून दहा दिवस त्यांनी उपोषण केले. आईने आंघोळीच्या अटीवर जे करू दिले, ते मुलाने अट काढून टाकून साऱ्या महाराष्ट्राकडे मागितले. आईवरचे प्रेम आणि आईच्या मर्यादेची जाण या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, याला याहून मोठा दाखला कोणता हवा? मुलाने आईला नाकारले नाही, तिचे अर्धे राहिलेले काम पुढे नेले. मग वाचकानेच ‘सगळे स्वीकारा किंवा सगळे फेका’ अशा पेचात का सापडावे?

पुनर्वाचनात फक्त उणिवाच सापडतात असेही नाही. मोठेपणी ‘श्यामची आई’ वाचताना मला सगळ्यात जास्त हलवून सोडते ते तिच्यातले कर्ज. लहानपणी ही आईची गोष्ट वाटते. मोठेपणी लक्षात येते की ही एका घराच्या बुडण्याची, सावकारी कर्जाची आणि जप्तीची गोष्ट आहे. खोताचे नाव असलेले घर, भाऊबंदकीत आणि कोर्टकचेऱ्यांत झिजत गेलेली मिळकत, वाढत जाणारे व्याज, दागिन्यांवर येणारी पाळी, दाराशी येऊन बोलणारा सावकाराचा माणूस, आणि शेवटी चारचौघांत होणारी बेअब्रू. ज्याने स्वतः कधी घराचे हप्ते भरले आहेत, आजारी माणसाच्या औषधाचा खर्च महिन्याच्या अखेरीस मांडला आहे, त्याला या पुस्तकातली आई एकदम वेगळी दिसू लागते. उपदेश करणारी मूर्ती मागे सरते आणि घरातली चणचण मुलांपासून झाकण्यात आयुष्य खर्ची घालणारी, उत्तरोत्तर थकत जाणारी एक बाई पुढे येते. तिचे कितीतरी उपदेश गरिबीला दिलेली उत्तरे आहेत. आपण पत्करलेल्या गरिबीची मुलांना लाज वाटू नये यासाठी तिने रचलेली ती तटबंदी आहे. हे पुस्तक केवळ संस्कारांचे आहे असे म्हणणारे आणि केवळ संस्कारांचे आहे म्हणून नाक मुरडणारे, दोघेही या पुस्तकातल्या अर्थव्यवहाराकडे पाहत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला कदाचित तोच भाग सर्वांत ओळखीचा वाटेल.

पुनर्वाचनाविरुद्धचा सगळ्यात हळवा आणि म्हणूनच सगळ्यात बळकट आक्षेप आठवणीच्या बाजूने येतो. ती दुपार, ती सुट्टी, पोटाखाली उशी घेऊन वाचलेले ते पुस्तक. पुन्हा वाचले आणि ते फिके निघाले तर दुपारही हातची जाईल. या भीतीत तथ्य आहे, हे मी मान्य करतो. बाराव्या-पंधराव्या वर्षी पुस्तक जसे अंगात भिनते तसे पुढे कधीच भिनत नाही, आणि ती धुंदी पुनर्वाचनाने परत आणून देता येत नाही. पण ज्या आठवणीला आपण एवढे जपतो, ती पुस्तकाची आठवण असते का? ‘श्यामची आई’ म्हटल्यावर कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटातले असते, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. कोणाला शाळेतल्या बाईंचा वाचतानाचा आवाज आठवत असतो, कोणाला कथाकथन, कोणाला पाठ्यपुस्तकातला एखादा धडा. आठवण स्वतःच्या मर्जीने पुस्तक कापत आणि जोडत गेलेली असते. पुन्हा वाचल्याने ती दुपार जात नाही. फक्त ती दुपार आणि ते पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते. आणि पुस्तक फिके निघालेच, तर पूर्वीचे प्रेम खोटे ठरत नाही. ज्या पुस्तकाने वाचायला लावले त्याचे उपकार, ते आज आवडेनासे झाले म्हणून फिटत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप वेगळ्याच दिशेने येतो, आणि त्याला उत्तर देताना मला सावध राहावेसे वाटते. ‘आपली बालपणीची पुस्तके’ यातले ‘आपण’ कोण? महाराष्ट्रातल्या किती घरांत गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट होते? सुट्टीत ग्रंथालयाचे सभासदत्व घेऊन दिवसाला एक पुस्तक संपवणारी मुले कोणत्या गल्लीत राहत होती? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, अशी गावकुसाबाहेरच्या बालपणाची आत्मकथने आली, आणि मराठी बालपण म्हणून जे मिरवले जात होते ते केवढ्या लहान वर्तुळातले होते हे मराठी वाचकाला कळले. फार मोठ्या संख्येने मुलांच्या हाती पहिले आणि कित्येकदा एकमेव मराठी पुस्तक आले ते शाळेचे पाठ्यपुस्तक. तेव्हा बालवाचनाच्या गहिवराचे हे सगळे प्रकरण पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गापुरते आहे, हा आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र त्यावरून पुनर्वाचन व्यर्थ ठरत नाही, उलट त्याची गरज वाढते. ज्याच्या वाट्याला एकच पाठ्यपुस्तक आले त्याने ते मोठेपणी पुन्हा उघडावे, त्यात आपले गाव, आपला धंदा, आपली बोली कुठे होती आणि कुठे नव्हती ते पाहावे. ‘बालभारती’ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संगणकावर वाचता येतात. ज्यांना ते तेव्हा मिळाले नाहीत त्यांनाही ते आज तपासता येतात.

आणि या आक्षेपाला खरे उत्तर ज्याने दिले, त्याच्यापेक्षा मोठा वाचक या महाराष्ट्रात झालेला नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब त्या भेटीची आठवण सांगतात, आणि तिच्या जोडीने घरातल्या वाचनाचीही. वडील रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भेट मिळालेले बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की तुम्ही आम्हाला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही, रामायण-महाभारतच का वाचायला लावले? वडिलांचे उत्तर असे होते की आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसे होती पण केवढ्या उंचीला पोचली. मुलाला वडिलांच्या म्हणण्यात जोर दिसला, पण समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतली माणसे त्याला पटली नाहीत. हा संवाद मला फार मोलाचा वाटतो. वडिलांनी दिलेले पुस्तक, ते देण्यामागची माया, आणि तरीही पुस्तकाविषयीचे स्वतःचे मत, हे तिन्ही बाबासाहेब जवळपास पन्नास वर्षांनंतर एकाच जागी मांडतात आणि एकासाठी दुसऱ्याचा बळी देत नाहीत. कोवळ्या वयात हाती आलेल्या एका चरित्राने दाखवलेल्या दिशेकडे ते पुन्हा पुन्हा परतले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते परतणे साऱ्या जगाने पाहिले. कोवळ्या वयातल्या वाचनाकडे मोठेपणी वळणे हा रिकामपणचा उद्योग आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रामजींनी ज्या कर्णाचा दाखला दिला, तोच कर्ण पुढे मराठी तरुणांच्या दोन-तीन पिढ्यांचा नायक झाला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी ती वाचून रात्र न झोपलेली माणसे आजही घरोघर भेटतील. त्या वयात प्रत्येकाला वाटते की आपली किंमत जगाने ओळखलेली नाही. कर्ण हे त्या भावनेचे सूर्याइतके तेजस्वी रूप आहे. सूतपुत्र, म्हणजे सारथ्याचा मुलगा, म्हणून झालेला अपमान वाचताना मुठी आवळल्या जातात ते योग्यच आहे, कारण तो अन्याय खराच आहे, आणि जन्मावरून माणसाला तोलणाऱ्या समाजात तो विषय शिळा होत नाही. पण पंचेचाळिशीत ‘मृत्युंजय’ पुन्हा वाचताना मी निवेदकांची नावे मोजली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. सहा जण बोलतात आणि त्यांत द्रौपदी नाही. मूळ महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दुःशासनाला देणारा कर्ण आहे. ज्याच्या अपमानासाठी आपण रडलो, त्याने केलेल्या अपमानाची साक्ष द्यायला जी हवी, तिलाच बोलायला जागा नाही. सतराव्या वर्षी हे जाणवत नाही, कारण त्या वयाचा वाचक कर्णाच्या आत शिरून वाचत असतो. याच १९६७ मध्ये इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले, आणि त्यातला कर्णावरचा लेख कर्णाला कोणतीही सवलत देत नाही. त्याच्या आधी पाच वर्षे दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ आले होते. या दोघी काय करत होत्या? लहानपणापासून कानांवर आलेले महाभारत प्रौढ, सावध नजरेने पुन्हा वाचत होत्या. त्यांच्या वाचनाने महाभारत लहान झाले का? माझ्या अनुभवात तरी ‘युगान्त’ वाचल्यावर माणूस मूळ ग्रंथाकडे अधिक ओढीने जातो, आणि ‘मृत्युंजय’कडे परतल्यावर तिच्या भाषेचा वेग पूर्वीइतकाच जाणवतो. बदल एवढाच होतो की आपण आता कर्णाच्या रथात बसून वाचत नाही.

एक सावधगिरी मात्र मी पुनर्वाचनाची बाजू घेणाऱ्यांनाही सुचवेन. जुने पुस्तक उघडणारे कित्येक जण पुस्तक वाचायला बसतच नाहीत. त्यांना आपले सोळावे वर्ष परत हवे असते. ते मिळत नाही, म्हणून ते पुस्तकावर रागावतात. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात ती वाचली जाते ती देवयानी आणि शर्मिष्ठेसाठी, प्रेमासाठी आणि वासनेसाठी. वय वाढल्यावर जी गोष्ट अंगावर येते ती वेगळी आहे: एक बाप आपल्या मुलाचे तारुण्य मागतो. मुलगा मोठा होत असलेल्या घरात हे पान वाचणे फार जड जाते. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा मुलांच्या आयुष्यावर लादणारे, त्यांची वर्षे स्वतःच्या स्वप्नांसाठी वापरणारे पालक आपल्या आजूबाजूला काय कमी आहेत? पुस्तकाचा हा गाभा तरुण वाचकापासून जवळजवळ झाकलेला असतो. ज्याला फक्त जुनी धुंदी हवी आहे त्याच्यापासून तो म्हातारपणीही झाकलेलाच राहील. आपले तारुण्य परत मिळावे म्हणून वाचायला बसलेला वाचक स्वतःच ययाति झालेला असतो.

वेळेच्या आक्षेपाबद्दल थोडक्यात. आयुष्य लहान आहे, नवी पुस्तके ढिगाने आहेत, मग जुन्याकडे कशाला वळायचे, असे विचारले जाते. ज्या भाषेत ज्ञानेश्वरीची पारायणे शतकानुशतके चालत आली आहेत त्या भाषेच्या वाचकाला एकच ग्रंथ पुन्हा वाचण्याचे समर्थन करावे लागावे, याचेच मला नवल वाटते. प्रत्येक पुस्तकाला असे वजन पेलते असेही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुन्हा वाचताना कोणी जीवनदर्शन शोधू नये. तिथे आनंद आहे तो वाक्यांच्या चपळाईचा आणि फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या पोराला मोठ्यांनी दिलेल्या मोकळिकीचा. सायकल घेऊन एकट्याने भटकणारा शाळकरी मुलगा आज आपल्याला गोष्टीतसुद्धा धाडसाचा वाटतो, आणि यातून भागवतांपेक्षा आपल्याच काळाविषयी अधिक कळते. काही पुस्तके दहा पानांत मिटावी लागतील. मिटावीत. पण निदान ती दहा पाने वाचून.

पालकांपुरते बोलायचे तर प्रश्न अगदी रोकडा आहे. वाढदिवसाला, बक्षीस म्हणून, परदेशी वाढणाऱ्या नातवंडांना मराठीची गोडी लागावी म्हणून आपण ही पुस्तके देतो, आणि देताना ‘आमच्या लहानपणी’ एवढीच शिफारस जोडतो. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढणारी नऊ वर्षांची मुलगी मोळीचा प्रसंग वाचून सरळ विचारेल की त्याने आंघोळ का करायची. ज्याने पुस्तक हल्ली वाचलेले नाही तो गडबडेल, किंवा ‘तेव्हा तसे असायचे’ म्हणून विषय बदलेल. ज्याने वाचलेले आहे तो तिला महाडबद्दल सांगेल, काळाराम मंदिराबद्दल सांगेल, आणि ज्या मुलाने ती आंघोळ केली त्यानेच पुढे पंढरपुरात काय केले तेही सांगेल. त्या एका प्रश्नावरून तिला महाराष्ट्राचा जेवढा इतिहास कळेल तेवढा एखाद्या गुळगुळीत केलेल्या आवृत्तीतून कधीही कळणार नाही.

आणि गुळगुळीत करण्याचा मोह आता सगळीकडे वाढतो आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या बालपुस्तकांच्या इंग्रजी आवृत्त्यांतले जाड, कुरूप अशा अर्थाचे शब्द बदलल्याचे उघड झाले, गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच मूळ पाठही छापत राहू असे प्रकाशकांना जाहीर करावे लागले. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा २०१० मध्ये नवी करण्यात आली आणि २०१६ मध्ये प्रकाशकांनी तो बदल मागे घेतला. बदल करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. जाड मुलाला शाळेत चिडवण्यासाठी पुस्तकातला शब्द वापरला जातो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण पाठ बदलला की पुढच्या वाचकाला पुनर्वाचनाची संधीच उरत नाही. आपण लहानपणी काय वाचले होते ते तो कधीच तपासू शकणार नाही. या बाबतीत आपल्याकडे फार जुना आणि फार चांगला दंडक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शतकांच्या हातनकलेत शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि शेवटी बजावले की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. एकनाथांएवढी योग्यता आणि प्रतिभा असलेल्या माणसाने मूळ पाठ जसा होता तसा परत मिळवणे हेच आपले काम मानले; त्यात सुधारणा करण्याचा अधिकार स्वतःला दिला नाही.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणालाही छापता येते. त्यामुळे पुस्तक स्वस्त झाले हे उत्तमच झाले, पण कोणती प्रत पूर्ण आहे आणि कोणती छाटलेली, हे पाहण्याची जबाबदारी आता विकत घेणाऱ्यावर येऊन पडली आहे. प्रकाशकांकडून माझी मागणी साधी आहे. पाठ पूर्ण छापावा, पहिल्या प्रकाशनाचे साल द्यावे, जिथे आजच्या मुलाला अडेल तिथे टीप पुस्तकाच्या शेवटी द्यावी, आणि संक्षेप करायचाच असेल तर तो शब्द मुखपृष्ठावर ठळक छापून संक्षेप करणाऱ्याचे नावही तिथेच लिहावे. शाळांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी खरेदीच्या यादीवर सही करण्याआधी एवढे तपासून घ्यावे, आणि शक्य झाले तर त्या यादीतले निदान एखादे पुस्तक सही करणाऱ्याने त्या वर्षी स्वतः वाचलेले असावे.